तंत्रशंका : कामांची यादी, दोन प्रकारचे फोन आणि एकच कोड

या वेळी आलेल्या पत्रांचे दोन गठ्ठे झाले. एकात कामे नोंदवण्याची ॲप्स वापरणारे, दुसऱ्यात तशीच ॲप्स स्वतः बनवू पाहणारे. दोन्ही गठ्ठ्यांतली निवडक पत्रे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचा ऑफसेट छापखाना आहे. मालक धरून १४ माणसे. लग्नपत्रिका, बिलबुके, कॅलेंडरे अशी कामे. सगळा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो आणि लग्नसराईत दर वेळी दोन-तीन जॉब मेसेजांच्या ढिगात बुडतात. ट्रेलो घ्यावे, आसना घ्यावे की जिरा? फुकटात भागेल का?
– सोलापूर

उत्तर : जिरा बाजूला ठेवा. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींसाठी घडवलेले आहे. त्याची मांडणी समजून घेण्यातच तुमचा सीझन संपेल. आसना वाईट नाही, पण तुमच्या कामाला यादीपेक्षा बोर्ड बरा. बोर्ड म्हणजे उभे रकाने, आणि डावीकडून उजवीकडे सरकणारी कार्डे. ही पद्धत मुळात टोयोटाच्या कारखान्यातली, कानबान. छापखान्याला ती परकी नाही, कारण जॉब कार्ड तुमच्याकडे आधीपासून आहेच. ते फक्त फोनवर आणायचे.

ट्रेलोच्या मोफत योजनेत एका वर्कस्पेसमध्ये १० माणसे बसतात. १४ जणांचे कसे, असे वाटेल. पण मशीनमनला आणि बाइंडिंगवाल्यांना वेगळे खाते कशाला? काउंटर, दोन डीटीपी, प्लेट बघणारा, छपाईचा फोरमन आणि मालक अशी सहा खाती पुरतात. मशीनजवळ एक जुना टॅब भिंतीला लावून फोरमनच्या खात्याने बोर्ड उघडा ठेवा.

रकाने असे करा : मजकूर आला, डीटीपी, प्रूफ गिऱ्हाईकाकडे, प्लेट, छपाई, बाइंडिंग, तयार. एक जॉब, एक कार्ड. कार्डाचे नाव वाचताच काम कळले पाहिजे : ‘लग्नपत्रिका ५००, दोन रंग, वधूपक्ष अक्कलकोट’. नुसते ‘अर्जंट पत्रिका’ लिहिले की चार दिवसांनी तशी पाच कार्डे होतात.

यातला कळीचा रकाना तिसरा. काम अडते ते मशीनवर कमी आणि गिऱ्हाईकाकडे जास्त. प्रूफ पाठवून डीटीपीवाला मोकळा होतो, गिऱ्हाईक मामांना विचारून सांगतो म्हणते आणि सगळे विसरतात. म्हणून रोज सकाळी दहाला एकाने, आणि एकानेच, त्या रकान्यातले प्रत्येक दोन दिवसांपेक्षा जुने कार्ड उघडून फोन लावायचा. बाकी बोर्ड कोणी पाहिला नाही तरी एक वेळ चालेल.

प्लेट आणि छपाई या रकान्यांच्या नावापुढे आकडा घाला, म्हणजे ‘छपाई (४)’. चारच्या वर कार्ड आत घ्यायचे नाही. आधीचे एक पुढे गेले की नवीन आत. हे पाळले नाही तर सगळे जॉब अर्धवट आणि एकही तयार नाही अशी गत होते, मग बोर्ड कितीही देखणा असो.

कार्डावर एकाच माणसाचे नाव लावा. तिघांची लावली की प्रत्येकाला वाटते दुसरा बघतोय. फाइलींचे एक ध्यानात असू द्या : मोफत योजनेत एका फाइलला १० एमबीची मर्यादा आहे, कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरची फाइल सहज तिच्या पुढे जाते. कार्डाला प्रूफची हलकी पीडीएफ जोडा आणि मूळ फाइलची ड्राइव्ह लिंक द्या.

व्हॉट्सॲप बंद करू नका. गिऱ्हाईक तिथेच आहे. फक्त ‘ओके, छापा’ हा मेसेज आला की त्याचा स्क्रीनशॉट कार्डाला लावल्याशिवाय प्लेट काढायची नाही. नावातल्या वेलांटीवरून होणारी निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

प्रश्न : मी करसल्लागार आहे. दर महिन्याच्या ३१ तारखेचे काम एकदाच लावून ठेवले, तर एका ॲपमध्ये ते फेब्रुवारीत २८ ला दिसते, दुसऱ्यात दिसतच नाही. कोणाचे बरोबर?
– नाशिक

उत्तर : दोन्ही आपापल्या नियमाने वागताहेत. कॅलेंडरांची देवाणघेवाण ज्या आयकॅलेंडर मानकावर चालते, त्यात नसलेली तारीख वगळायची असा नियम आहे. गूगल कॅलेंडर तसेच करते, म्हणजे ३१ चे काम वर्षात सात वेळाच येते. काही ॲप्स मात्र तारीख मागे ओढतात. तुम्हाला हवा आहे ‘महिन्याचा शेवटचा दिवस’. तो पर्याय वेगळा असतो, तोच निवडा. टूडूइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये इंग्रजीत ‘एव्हरी लास्ट डे’ असे लिहिले की चालते.

तुमच्या व्यवसायात याहून मोठी फसगत टीडीएसची होते. ‘दर महिन्याची ७ तारीख’ लावली की अकरा महिने बरोबर येते. पण मार्चच्या कपातीची मुदत सरकारी कार्यालये सोडून इतरांना ३० एप्रिल असते. ७ एप्रिलची नोंद तेवढी हाताने बदला आणि बदलताना ‘फक्त ही एक’ निवडा, ‘यापुढच्या सर्व’ नव्हे. जीएसटीत मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी ११ आणि २० या तारखा ठरलेल्या आहेत. पण काम २० ला लावून उपयोग नाही, गिऱ्हाईकाकडून बिले मागवण्याचे काम ५ ला लावा. मुदतीची नोंद कॅलेंडरात आणि कामाची नोंद यादीत, हे दोन वेगळे ठेवले की २० च्या रात्री पोर्टल रेंगाळले म्हणून धावपळ होत नाही.

आणखी एक फरक. काही कामे ठरलेल्या तारखेला पुन्हा यायला हवीत, काही शेवटचे केले त्या दिवसापासून मोजायला हवीत. विवरणपत्र पहिल्या जातीचे, ऑफिसातल्या पाण्याच्या फिल्टरची कँडल दुसऱ्या. टूडूइस्टमध्ये ‘एव्हरी’पुढे उद्गारचिन्ह दिले की ते दुसऱ्या पद्धतीने मोजते.

प्रश्न : न्यू जर्सीत रविवारी मराठी शाळा भरते, शिकवणाऱ्या ताई पुण्यातून जोडल्या जातात. नोव्हेंबरमध्ये दर वर्षी एक रविवार गोंधळ होतो.
– न्यू जर्सी

उत्तर : अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाते, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे येते. भारतात घड्याळ हलत नाही. म्हणून तुमची सकाळचे ११ ही वेळ उन्हाळ्यात पुण्याची रात्री ८:३० असते आणि हिवाळ्यात ९:३०. नोंद करताना वेळेचा विभाग न्यूयॉर्क ठेवा. ताईंच्या फोनवर ती आपोआप सरकेल. पुण्यातल्या कोणी नोंद केली की विभाग कोलकाता, म्हणजे भारताचा, लागतो आणि मुले एक तास आधी बसायला हवीत अशी वेळ येते. मात्र आधी एकदा ठरवा की घड्याळ कोणाचे पाळायचे. हिवाळ्यात साडेनऊला वर्ग घ्यायचा की नाही हे ताईंना विचारूनच.

प्रश्न : कामांची यादी आणि आठवण देणारे ॲप प्रोजेक्ट म्हणून करायचे आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह, कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म यांतले काय शिकावे?
– अभियांत्रिकी, तिसरे वर्ष, सातारा

उत्तर : ही तिन्ही एकाच कोडमधून दोन्ही फोनांची ॲप्स करण्याची साधने. आधी ती काय वेगळे करतात ते बघा. फ्लटर पडद्यावरचे प्रत्येक बटण स्वतः रंगवते. फोनची स्वतःची बटणे तो वापरत नाही, त्यामुळे दोन्ही फोनांवर ॲप सारखे दिसते. रिॲक्ट नेटिव्ह तुमच्या जावास्क्रिप्टवरून फोनची मूळची बटणे आणि रकाने उभे करते. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्ममध्ये हिशेब, डेटाबेस, नेटवर्क हा आतला भाग एकच लिहायचा आणि पडदे हवे तर प्रत्येक फोनसाठी वेगळे. पडदेही एकत्र लिहायची सोय आयफोनसाठी २०२५ मध्ये पक्की झाली आहे.

रिॲक्टवर वेबसाइट केली असेल तर रिॲक्ट नेटिव्ह, सोबत त्याचा एक्स्पो हा साधनसंच. काहीच केले नसेल तर फ्लटर. फ्लटरची डार्ट भाषा जावा येणाऱ्याला आठवड्याभरात हाताशी येते, आणि यादी, फॉर्म, तारीख निवडणे अशा ॲपला लागणारे सगळे त्यात तयार मिळते. कोटलिनचा मार्ग चांगला आहे, पण तो ज्यांचे अँड्रॉइड ॲप आधीच आहे त्यांच्यासाठी. कोऱ्या पाटीवर, एकट्याने आणि एका सेमिस्टरमध्ये तो घेऊ नका.

८ जीबीवर एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन, चालवू नका. अँड्रॉइड स्टुडिओ, ब्राउझर आणि एम्युलेटर तिन्ही उघडले की लॅपटॉप गुडघे टेकतो. खरा फोन लावा : सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’, तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, मग डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डीबगिंग सुरू. केबल फक्त चार्जिंगची नाही ना ते बघा. ‘डिव्हाइस सापडत नाही’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा केबलच निघते. कोड लिहायला व्हीएस कोड घ्या, तो हलका आहे.

आता कटू भाग. आयफोनचे ॲप बांधायला मॅक आणि त्यावरचे एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतातच, साधन कोणतेही घ्या. विंडोजवर बसून करायचे तर ढगातला, म्हणजे इंटरनेटवरून चालवायचा, मॅक वापरावा लागतो. एक्स्पोची बिल्ड सेवा आणि फ्लटरसाठी कोडमॅजिक हे काम करतात. पण खऱ्या आयफोनांवर वाटायचे तर ॲपलचे वर्षाला ९९ डॉलरचे सदस्यत्व सुटत नाही. प्रोजेक्टच्या मार्कांसाठी तेवढे घालवू नका. अँड्रॉइडवर पूर्ण करा आणि कॉलेजच्या लॅबमध्ये मॅक असेल तर सिम्युलेटरवर दाखवा, त्याला पैसे लागत नाहीत.

फ्लटरमध्ये पहिल्याच रिलीजला हटकून बसणारा एक धक्का सांगून ठेवतो. केबल लावून चालवताना माहिती येते, रिलीजची फाइल मित्राला दिली की पडदा कोरा. कारण इंटरनेटची परवानगी फ्लटर डीबगसारख्या चाचणीच्या मॅनिफेस्टमध्येच (ॲपच्या परवानग्यांच्या फाइलीत) घालून देते. मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती ओळ तुम्ही घालायची असते.

प्रश्न : फ्लटरमध्ये रिमाइंडर बसवले. माझ्या फोनवर वाजतात, आईच्या फोनवर वाजत नाहीत. एका मैत्रिणीकडे सकाळी ९ चा दुपारी अडीचला वाजतो!
– ठाणे

उत्तर : अडीचचे आधी, कारण ते सोपे आहे. नऊ आणि अडीच यांत साडेपाच तास आहेत, म्हणजे ॲप जागतिक वेळेत (यूटीसी) मोजते आहे. टाइमझोनचे पॅकेज (तयार कोडचा संच) सुरू करताना ‘लोकल’ विभाग सांगितला नाही तर ते मुकाट यूटीसी धरते. फोनकडून विभागाचे नाव घ्या आणि ते ‘सेट लोकल लोकेशन’ला द्या. तुमच्या फोनवर ते जमले आणि तिच्यावर नाही, याचे कारण बहुधा नाव. काही फोन अजून ‘एशिया/कलकत्ता’ हे जुने नाव देतात आणि पॅकेजच्या छोट्या डेटाबेसात ते नसते. तिथे चूक फेकली जाते (एरर येते), ती तुम्ही कोडमध्ये गिळली, म्हणजे दुर्लक्षित केली, असेल तर पुढे यूटीसी चालू राहते. ‘लेटेस्ट ऑल’ हा पूर्ण डेटाबेस घ्या.

आईच्या फोनसाठी या क्रमाने बघा.

सूचनांची परवानगी. अँड्रॉइड १३ पासून ती ॲपने मागावी लागते. एकदा नाही म्हटले, दुसऱ्यांदाही नाही म्हटले की पुढे विचारणारी खिडकीच येत नाही, सेटिंग्जमध्ये जाऊनच द्यावी लागते. म्हणून ॲप उघडताक्षणी मागू नका. पहिले रिमाइंडर लावताना मागा, तेव्हा माणसाला कारण समोर दिसते.

नेमक्या वेळेची परवानगी ही वेगळी आहे. अँड्रॉइड १२ मध्ये ती आली आणि १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲप्सना ती आपोआप मिळत नाही. ती नसताना नेमका अलार्म लावू गेलात तर चूक फेकली जाते, आणि ढोबळ वेळेचा लावला तर फोन झोपेत असताना उशिरा वाजतो. याच कामाची न मागता मिळणारी दुसरी परवानगी आहे, पण प्ले स्टोअर ती फक्त अलार्म आणि कॅलेंडरच्या ॲप्सना देते. कामांची यादी त्यात बसवायला जाऊ नका. औषधाची गोळी सोडली तर पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे झालेली चालतात, तिथे ढोबळ वेळच ठेवा.

फोन बंद करून चालू केला की अँड्रॉइड सगळे अलार्म विसरतो. बूट झाल्यावर ते पुन्हा लावणारा कोडचा भाग, रिसीव्हर, मॅनिफेस्टमध्ये लिहावा लागतो. लोकल नोटिफिकेशनच्या पॅकेजात तो तयार आहे, पण ओळी तुम्ही घालायच्या. आई रात्री फोन बंद करत असतील तर शोध इथेच संपेल.

यानंतरही वाजत नसेल तर बॅटरी. काही कंपन्यांचे फोन मागे चालणाऱ्या ॲप्सना जोराने बंद करतात. तसे बंद झालेले ॲप कोणी उघडेपर्यंत त्याचे अलार्म मेलेले असतात. बॅटरीचे बंधन काढणे आणि ऑटोस्टार्ट सुरू करणे हे हाताने करावे लागते, कोडने होत नाही. ॲपमध्ये त्यासाठी चित्रांसह एक मदतपान ठेवा.

वाजते पण आवाज नाही, अशी तक्रार आली तर चॅनेल, म्हणजे सूचनांचा तो गट ज्यावरून आवाज ठरतो, तपासा. चॅनेल एकदा तयार झाल्यावर त्याचे महत्त्व कोड बदलून वाढत नाही. चॅनेलला नवीन ओळखनाम द्या. नाहीतर तुम्ही दुपारभर कोड बदलत बसाल आणि फोन ढिम्म.

आयफोनवर गोष्ट निराळी. तिथे एका ॲपच्या पुढच्या ६४ सूचनाच रांगेत राहतात. रोजची पाच कामे वर्षभरासाठी एकदम लावली तर तेराव्या दिवशी सगळे गप्प होते. पुढच्या दहा दिवसांच्याच लावा आणि ॲप उघडले की भर घाला.

प्रश्न : पतसंस्थेच्या सभासदांसाठी मराठी ॲप करतो आहे. शोध नीट चालत नाही, आकडे सर्व्हरला जाताना बिघडतात, आणि पावतीच्या पीडीएफमध्ये वेलांट्या भलतीकडे जातात.
– कोल्हापूर

उत्तर : मराठीत ॲप करणाऱ्या प्रत्येकाला हे तिन्ही कधी ना कधी भेटतात. इंग्रजी नमुन्यावरून शिकवणाऱ्या कोर्सांत यातले काही नसते.

शोध. ‘दुसऱ्या’ हा शब्द फोनमध्ये तीन प्रकारे साठलेला असू शकतो : (१) ऱ हे एक अक्षर आणि हलंत (पाय मोडल्याची खूण); (२) साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक; किंवा (३) साधा र, त्यालाच नुक्ता (खालचे टिंब) आणि हलंत. कीबोर्डानुसार बदलते, डोळ्यांना मात्र सारखेच दिसते. त्यात घाईने लिहिलेला, रफार आलेला ‘दुसर्या’ हा चौथा. युनिकोडचे एनएफसी रूप केले (एकाच अक्षराचे वेगवेगळे साठे एका ठरीव रूपात आणले) की नुक्तावाला ऱ मध्ये मिसळतो, पण जोडकवाला तसाच राहतो. म्हणून शोधासाठी वेगळा स्तंभ ठेवा. त्यात नाव भरताना आधी एनएफसी करा, मग ऱ चा र करा, मग न दिसणारे जोडक आणि विभाजक काढून टाका. वापरणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दालाही हीच आंघोळ घाला. चारही प्रकार एक होतात. दाखवायचे नाव मात्र मूळ स्तंभातलेच घ्या, कारण या युक्तीत आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवले जाते. शोधात ते चालते, पावतीवर नाही.

‘ॲप’चेही तसेच. ॲ हे एक अक्षर म्हणून येते किंवा अ वर चंद्र देऊन. त्याच स्तंभात अ अधिक चंद्र याचे ॲ करून टाका.

यादीचा क्रम साध्या तुलनेने लावलात तर क्षीरसागर हे आडनाव क च्या शेवटी, ख च्या आधी येईल. सभासद नोंदवहीत क्ष शेवटी शोधण्याची सवय असते. व्यवस्थापक पहिल्याच दिवशी विचारतील.

आकडे. ॲपची भाषा मराठी केली की तारीख-आकड्यांचे पॅकेज देवनागरी अंक देते. दाखवायला तेच हवे. पण तीच तारीख सर्व्हरला पाठवली की तो ती वाचत नाही. उलट बाजूने, सभासदाने रकमेत ‘१२००’ टाइप केले की डार्टचे ‘इंट पार्स’ चूक फेकते, त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. नियम एकच : पडद्यावर मराठी, पोटात इंग्रजी. पाठवायची तारीख आयएसओ रूपात (वर्ष-महिना-दिवस) घ्या, तिला भाषेशी देणेघेणे नसते. रकमेच्या खोक्यातून आलेला प्रत्येक देवनागरी अंक आधी बदला. शून्य ते नऊ सलग आहेत, युनिकोड ०९६६ पासून, म्हणून वजाबाकीने काम होते. हीच खोड अँड्रॉइडच्या जावा-कोटलिनमध्येही आहे. फोन मराठीत असला की ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ देवनागरी अंक देते, तिथे ‘लोकेल रूट’ सांगा. तुमचा स्वतःचा फोन इंग्रजीत असेल तर ही चूक तुम्हाला कधीच दिसणार नाही. एक फोन कायम मराठीत ठेवून चाचणी करा.

पीडीएफ. डार्टचे नेहमीचे पीडीएफ पॅकेज अक्षरे एकामागे एक ठेवते, जोडत नाही. ‘किती’ मधली वेलांटी क च्या आधी यायला हवी, ती मागे पडते, आणि जोडाक्षरे सुटी होतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, दुसरा फॉन्ट, तिसरा फॉन्ट यात दोन दिवस घालवू नका. पावती एचटीएमएलमध्ये मांडा आणि फोनच्या वेबव्ह्यूकडून (ॲपमधल्या ब्राउझरकडून) छापून घ्या, किंवा सर्व्हरवर क्रोमियम ब्राउझरकडून पीडीएफ करून घ्या. ब्राउझर अक्षरे बरोबर जोडतो.

लांब नाव कापताना ‘सबस्ट्रिंग’ वापरू नका. ‘स्त्री’ हा दिसायला एक ठसा, पण आत सहा तुकडे आहेत. चौथ्यावर कापले तर ‘स्त्’ उरते. कापणे विजेटवर, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या घटकावर, सोडा. त्याला टिंबे कुठे द्यायची ते कळते.

प्रश्न : आमचे कार्यकर्ते दुर्गम पाड्यांवर घरभेटीची कामे नोंदवतात. रेंज नसते. संध्याकाळी सिंक केले की काही नोंदी दोनदा येतात, पुसलेल्या परत उगवतात.
– गडचिरोली

उत्तर : दोन्हींची कारणे ठरलेली आहेत. दोनदा येतात, कारण नोंदीला क्रमांक सर्व्हर देतो. फोनने नोंद पाठवली, सर्व्हरला मिळाली, पण पोच परत यायच्या आत रेंज गेली. फोन पुन्हा पाठवतो आणि सर्व्हरला ती नवीन वाटते. क्रमांक फोनवरच तयार करा, यूयूआयडी, म्हणजे दुसरीकडे पुन्हा न येणारा लांब क्रमांक. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवीन ओळ न घालता आहे ती बदलायची.

पुसलेली उगवते, कारण एका फोनने ती खरोखर पुसली आणि दुसऱ्या फोनकडे तिची प्रत आहे. त्याला वाटते सर्व्हरकडे नाही, म्हणजे पाठवायची राहिली. पुसू नका, ‘पुसली’ अशी खूण आणि वेळ लावा. सगळे फोन एकदा जोडले जाऊन गेले की महिन्या-दोन महिन्यांनी खरी सफाई करा.

‘शेवटचा बदल जिंकतो’ हा नियम फोनच्या घड्याळावर सोडू नका. पाड्यावर एखाद्या फोनची तारीखच चुकलेली असते आणि तो सगळ्यांवर मात करतो. बदलांचा क्रम सर्व्हरने दिलेल्या आवृत्तिक्रमांकाने ठरवा. आणि पूर्ण नोंद पाठवण्याऐवजी बदललेला रकानाच पाठवा. एकाने फोन नंबर सुधारला, दुसऱ्याने भेटीची तारीख लिहिली, तर दोन्ही टिकली पाहिजेत.

प्रश्न : ॲप तयार आहे, प्ले स्टोअरवर टाकायचे आहे. पहिल्यांदाच करतोय.
– फोंडा, गोवा

उत्तर : खात्याचे एकदाच २५ डॉलर. वैयक्तिक खाते १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेले असेल तर थेट सर्वांसाठी टाकता येत नाही. आधी बंद चाचणी, किमान १२ माणसे, सलग १४ दिवस सामील राहिलेली. मध्येच दोघे बाहेर पडले आणि आकडा बाराखाली गेला की दिवस पुन्हा मोजावे लागतात. म्हणून सोळा-सतरा जण घ्या, आणि त्यांनी दुव्यावर जाऊन ‘सामील’ दाबले का ते बघा, नुसता ईमेल यादीत घालून भागत नाही. संस्थेच्या नावे खाते असेल तर ही अट नाही, पण डन्स हा संस्थांचा ओळख क्रमांक लागतो.

पॅकेजचे नाव ‘कॉम.एक्झाम्पल’ असेल तर स्टोअर घेत नाही. नाव विचार करून ठेवा, एकदा प्रसिद्ध झाल्यावर बदलता येत नाही. प्रत्येक नव्या फाइलीला फ्लटरच्या आवृत्तीतला अधिक चिन्हापुढचा आकडा वाढलेला हवा. ॲपमध्ये खाते उघडता येत असेल तर ते पुसायचीही सोय ॲपमध्ये द्या, नाहीतर ॲपल आणि गूगल दोघेही परत पाठवतात.

सहीची किल्ली जावाच्या कीटूल या साधनाने बनवा, मुदत १०,००० दिवस, आणि ती दोन ठिकाणी ठेवा. गिटमध्ये (कोड साठवतो तिथे) टाकू नका, तिचा पासवर्ड असलेली फाइलही नको. ही अपलोडची किल्ली हरवली तर गूगलकडून बदलून मिळते, पण त्यात दिवस जातात.

शेवटचे, कारण यावरून जवळपास प्रत्येक नवा माणूस अडतो. तुमच्या फोनवर गूगलने लॉगिन होते आणि स्टोअरवरून घेतलेल्या ॲपमध्ये ‘१०’ क्रमांकाची चूक येते. स्टोअर तुमची सही काढून स्वतःच्या किल्लीने ॲपवर सही करते, त्यामुळे लॉगिन सांभाळणाऱ्या गूगलच्या फायरबेस सेवेला दिलेला एसएचए-वन ठसा (किल्लीची ओळखखूण) जुळत नाही. प्ले कन्सोलमध्ये ॲप साइनिंगच्या पानावर दोन ठसे असतात. वरचा, ॲप साइनिंगचा, फायरबेसमध्ये जोडा, खालचा अपलोडचाही राहू द्या. नवीन फाइल चढवायची गरज नसते, थोड्या वेळाने लॉगिन चालू लागते.